मोजणीस आणि मोरमाळाची तिरकी वाट

मोरमाळ वसाहतीत चारशे बारा कुटुंबं राहायला येणार होती, तेव्हा प्रत्येकाकडून एक अर्ज भरून घेतला होता. त्यात प्रश्न होता, 'बागेत तुम्ही काय कराल?' तीनशे एकाहत्तर कुटुंबांनी लिहिलं, 'रोज सकाळी पाऊण तास वेगाने चालू.' एकोणचाळीस कुटुंबांनी लिहिलं, 'धावू.' उरलेल्या दोघांनी लिहिलं, 'बसू.' त्या दोघांकडे पुढे बरेच दिवस लोक जरा कीव आल्यासारखे बघत.

अर्जांवर विश्वास ठेवून बाग बांधली गेली. मधोमध एकशे साठ मीटर लांब आणि एकशे वीस मीटर रुंद हिरवळ, तिच्या चारी बाजूंनी चालायला लाल, गुळगुळीत मार्ग. चारी कोपऱ्यांत पाट्या: 'हिरवळीवर चालू नये.'

सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी होती. लाल मार्गावर सकाळी सहा वाजता एक गृहस्थ आणि दोन कुत्री. त्यातही गृहस्थ बाकावर बसून असत, चालत ती कुत्रीच. आणि हिरवळीवर, जिथे आपण कधीच पाऊल ठेवत नाही असं वसाहतीतला प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगे, तिथे एक तपकिरी पट्टा उमटला होता. तिसऱ्या इमारतीजवळच्या कोपऱ्यातून निघून समोरच्या कोपऱ्यातल्या मागच्या फाटकापर्यंत, सरळ तिरका.

"रोग आहे हा," समितीचे अध्यक्ष घाटगेकाका काठीने गवत उचकत म्हणाले.

"रोग इतका सरळ रेषेत चालतो का, काका?" कस्तुरीने विचारलं. कस्तुरी जगदाळे अकरा वर्षांची होती आणि तिचे प्रश्न मोठ्यांच्या सवडीने येत नसत.

"शिस्तीचा रोग असेल," काका म्हणाले. मग ते तिच्या आईकडे वळले. "अन्वीताई, स्पष्ट बोलतो. मार्गावर चिटपाखरू नाही. लोक पहिलीच बाग वापरत नाहीत, मग पलीकडच्या माळावर दुसरी कशाला? तिथे उडनगाड्यांचा तळ करू. पंधरा दिवसांनी सभा आहे, ठराव तेव्हाच मांडतो."

कस्तुरीने माळाकडे बघितलं. पलीकडच्या माळावर तीन जांभळीची झाडं होती. तिथेच ती सायकल शिकली होती, लगोरी तिथेच रंगत होती. आणि तिची आई बागा आखण्याचं काम करायची. ही बाग तिनेच आखलेली, माळावरची दुसरीही तीच आखणार होती. त्या संध्याकाळी आईच्या तीन पोळ्या करपल्या आणि तिने त्या स्वतःच्याच पानात वाढून घेतल्या.

कस्तुरी उठली ती थेट निखिलआजोबांच्या खोलीत गेली. हे आईचे बाबा. वाळू, पाणी आणि गर्दी कशी वाहते, याचा त्यांनी चाळीस वर्षं अभ्यास केला होता. त्यांच्या मते यांत माणसं सर्वांत सोपी. वाळू थोडी लबाड असते.

"आजोबा, गवत तिरकं का मरतं?"

"परात आण," आजोबा म्हणाले. "आणि कुंडीतली कोरडी माती."

"माझी परात!" स्वयंपाकघरातून आई ओरडली, पण तोवर परातीत माती पसरून झाली होती. आजोबांनी परात एका बाजूने पुस्तकावर टेकवून कलती केली आणि कस्तुरीच्या हातात चमचा दिला.

"वरच्या कडेला एकेक चमचा पाणी सोड. बघत राहा."

पहिले चमचे कुठेही गेले. काही पाणी जिरलं, काही उजवीकडे घसरलं, काही डावीकडे. सातव्या-आठव्या चमच्याला मातीत एक बारीक ओरखडा उठला. पंधरावा चमचा त्याच ओरखड्यातून गेला. विसाव्यानंतर कस्तुरीने मुद्दाम बाजूला पाणी सोडलं, तरी ते थोडं वळून ओरखड्यातच शिरलं. ओरखड्याची आता चांगली नाली झाली होती.

"पाण्याने नाली केली," आजोबा म्हणाले, "आणि नालीने पाणी ओढलं. जितकं पाणी तितकी नाली खोल, जितकी खोल तितकं पाणी जास्त. याला म्हणतात प्रत्याभरण (एखाद्या कामाचा परिणाम उलटून त्याच कामाला जोर देतो, ती क्रिया)."

कस्तुरी नालीकडे बघत राहिली. "म्हणजे हिरवळीवरून एक माणूस गेला, थोडं गवत वाकलं. दुसऱ्याला वाकलेल्या गवतावरून जाणं सोपं वाटलं..."

"आणि तिसऱ्याला वाटलं, सगळे जातातच की! अशी पाडलेली वाट म्हणजे इच्छावाट (कुणी न आखता, चालणाऱ्यांच्या पायांनी तयार झालेली वाट)."

"पण हिरवळीवर कुणी चालतच नाही म्हणतात सगळे!"

"तोंडं म्हणतात. आपण पायांना विचारू," असं म्हणून आजोबांनी कपाटातून मोजणीस काढला.

मोजणीस हा वीतभर उंचीचा, सहा पायांचा यंत्रमानव होता. आवाज एखाद्या जुन्या कचेरीतल्या कारकुनासारखा. त्याच्या पोटात मोहरीएवढे हजारो दाबकण (वरून पडलेलं वजन ओळखून कळवणारे बारीक कण) होते. ते मातीत पेरले, की वरून कोण कुठे किती वेळा गेलं ते त्याला कळे.

"कोण गेलं तेही कळतं?" कस्तुरीने विचारलं.

"पाऊल कळतं, चेहरा नाही," मोजणीस म्हणाला. "नाव विचारू नये, सांगू नये. नियम पहिला."

"तो नियम मीच घातलाय," आजोबा म्हणाले. "आपलं नाव कुठे लिहिलं जातंय हे कळलं, की माणूस वेगळाच चालतो."

दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी कस्तुरी आणि मोजणीस यांनी हिरवळीवर, लाल मार्गाच्या फटींत, इमारतींखालच्या मातीत आणि पलीकडच्या माळावर दाबकण पेरले. आणि मग कस्तुरीकडून चूक झाली. उद्वाहनात सबनीसकाकूंनी विचारलं, "गवतात काय शोधत होतीस गं?" तेव्हा तिने सांगून टाकलं आणि वर म्हणाली, "काकू, कुणाला सांगू नका हं."

या शेवटच्या वाक्यामुळे ती बातमी संध्याकाळपर्यंत सातही इमारतींत पोचली.

पुढच्या सकाळी लाल मार्गावर दोनशे आठ माणसं होती. निम्म्यांचे बूट नवे होते. एका काकांनी कपाळाला पट्टी बांधली होती. सबनीसकाकू हात जोरजोरात हलवत चालल्या होत्या आणि दर फेरीला गवताकडे बघून किंचित हसत होत्या, दाबकणांना कळावं म्हणून. गृहस्थाच्या दोन कुत्र्यांना इतकी गर्दी सहन न होऊन ती घरी निघून गेली.

"सगळं बिघडलं," कस्तुरी रडवेली झाली. "आता खरं काही कळणारच नाही. सभेला तेराच दिवस उरलेत."

मोजणीस म्हणाला, "काहीही बिघडलं नाही. नोंद झाली आहे."

"हा निरीक्षण-परिणाम (कुणी पाहतंय हे कळल्यामुळे वागण्यात पडणारा फरक)," आजोबा म्हणाले. "आता आठव, ते अर्ज भरताना काय झालं असेल?"

कस्तुरीने थोडा विचार केला. "तेव्हाही कुणीतरी वाचणारच होतं."

"बरोबर. अर्जात माणूस आपण कसे आहोत ते लिहीत नाही. सोमवारपासून कसे होणार आहोत ते लिहितो. खोटं बोलत नाही बिचारा. सोमवार येत नाही, एवढंच."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची. नाटक दमवतं."

आजोबांचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी मार्गावर एकशे एकतीस माणसं होती. तिसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या दिवशी एक गृहस्थ आणि दोन कुत्री. पाचव्या दिवसापासून लोक दाबकण विसरले आणि मोजणीसाची खरी मोजणी सुरू झाली.

सभेच्या आदल्या संध्याकाळी त्याने घरातल्या भिंतीवर नकाशा पाडला. जिथे पावलं जास्त, तिथली रेघ जाड. कस्तुरी, आई आणि आजोबा बघत राहिले. लाल मार्ग केसासारखा बारीक दिसत होता. हिरवळीवरची तिरकी रेघ मात्र मनगटाएवढी होती.

"दिवसाला सहाशे चाळीस फेऱ्या," मोजणीस म्हणाला. "मागच्या फाटकाबाहेर बसथांबा, भाजीवाली आणि दूधकेंद्र आहे. मार्गाने जायचं तर एकशे साठ अधिक एकशे वीस."

"दोनशे ऐंशी मीटर," कस्तुरी म्हणाली. "आणि तिरकं गेलं तर... हा तर काटकोन त्रिकोण! तिरकी बाजू म्हणजे कर्ण. दोनशे मीटर. प्रत्येक वेळी ऐंशी मीटर वाचतात!"

"आणि या जातीचं गवत," मोजणीस म्हणाला, "दिवसाला तीस पावलं सोसतं आणि पुन्हा उभं राहतं. त्यापुढे नाही."

नकाशावर आणखीही गंमत होती. संध्याकाळच्या जेवणानंतर प्रत्येक इमारतीखाली छोट्या छोट्या रेघांचा गुंता होता. दीडशेवर माणसं शतपावलीला उतरत होती, पण आपल्या घराचा दिवा दिसेल इतपतच जात होती. आणि जिथे बसायला बुटका कठडा होता, तिथे गुंता जास्त दाट होता. अर्जात 'बसू' असं लिहिणाऱ्या दोघांचा आता विजय झाला होता.

"तिरक्या वाटेवर रोज आठ वाजून दहा मिनिटांनी एक पाऊल जातं," मोजणीस पुढे सांगू लागला. "तिसऱ्या इमारतीतून. जलद. सोबत चाकांची पिशवी. सहसा चुकत नाही."

कस्तुरीने हळूच दाराजवळच्या चाकांच्या पिशवीकडे बघितलं. मग आईकडे.

"आई!"

"बस चुकते गं," आई म्हणाली आणि पदर नसताना पदराने तोंड झाकल्यासारखं करून हसत सुटली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. "मी आखलेल्या मार्गावर मीच चालत नाही! मी अर्ज वाचले, पाय वाचलेच नाहीत."

मग तिचं लक्ष नकाशाच्या टोकाला गेलं. पलीकडच्या माळावर, जांभळींकडे जाणारी एक बारीक पण ठळक रेघ होती. "आणि ही कुणाची?"

"नियम पहिला," मोजणीस म्हणाला.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता भरली. घाटगेकाकांनी ठराव वाचला. "पलीकडच्या माळावर कुणीही जात नाही. सबब तिथे उडनगाड्यांचा तळ करावा. कुणाची हरकत?"

आई उभी राहिली. तिने नकाशा दाखवला, तिरक्या वाटेचं गणित सांगितलं, स्वतःची चूक सांगितली आणि आठ वाजून दहा मिनिटांची पिशवीसुद्धा सांगितली. लोक हसले. हसता हसता बऱ्याच जणांनी आपापले बूट खुर्चीखाली ओढून घेतले.

"लोक चालतात," ती म्हणाली. "फक्त आपण सांगितलं तिथे चालत नाहीत."

"हे हिरवळीचं झालं," घाटगेकाका म्हणाले. "माळाचं काय? तिथे कोण जातं?"

"मोजणीस, माळाची नोंद वाच," कस्तुरी म्हणाली.

मोजणीसाने घसा खाकरल्यासारखा आवाज केला. "लहान पायांच्या जोड्या, रोज सरासरी सव्वीस. खेळ. याखेरीज एक मोठं पाऊल. रोज संध्याकाळी सव्वासहाला. जाताना तीनशे दहा पावलं, प्रत्येक दुसऱ्या पावलाला उजवीकडे एक गोल ठसा. मधल्या जांभळीखाली चाळीस मिनिटं बसणं. मग परत. एकही दिवस खाडा नाही."

गोल ठसा कशाचा असतो, हे कुणीतरी मनात जुळवायला लागलं. मग आणखी कुणीतरी. घाटगेकाकांनी उजव्या हातातली काठी सावकाश टेबलाखाली सरकवली. त्यांचा चेहरा पिकल्या जांभळासारखा झाला होता.

"कोण आहे तो?" मागून कुणीतरी मुद्दाम विचारलं.

कस्तुरीला सगळं कळलं होतं. एक शब्द बोलली असती, तर ठराव तिथेच कोसळला असता. तिने आजोबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"नाव नोंदलेलं नाही," ती म्हणाली. "आणि ज्याचं पाऊल आहे, त्याला ते माहीत आहे. तेवढं पुरे."

मग घाटगेकाकांनी ठरावाचा कागद हातात घेतला, घडी घातली, परत उलगडली.

"तिथे वारा बरा असतो," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "आणि घरात टीव्ही फार मोठ्याने लावतात." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि ती खिशात ठेवली. "ठराव मागे घेतो. अन्वीताई, दुसऱ्या बागेत चालायचे मार्ग कुठे आखणार?"

"कुठेच नाही," आई म्हणाली. "चार महिने नुसतं गवत आणि झाडं. लोक जातील तसं बघू. जी वाट पडेल तिच्यावर मुरूम टाकू. आणि कठडे भरपूर."

"जांभळीखाली एक," काका पटकन म्हणाले आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळले.

हिरवळीवरच्या तिरक्या पट्ट्यावर आता फरशा बसल्या आहेत. बाजूचं गवत दाट झालंय, कारण त्यावरून जायची कुणाला गरजच उरलेली नाही. लाल मार्गावर अजून एक गृहस्थ आणि दोन कुत्री असतात; मार्ग त्यांना पुरतो. मंगळावर पहिली वस्ती आखणाऱ्या मंडळींना कस्तुरीने एक पत्र पाठवलंय: तिथे गवत नाही, पण धूळ आहे, आधी चालू द्या, मग फरशा लावा. आजोबांनी पत्रावर सही केली नाही. म्हणाले, हे तुझंच आहे.

आणि माळाच्या तोंडाशी घाटगेकाकांनी स्वतः रंगवून एक पाटी लावली आहे. अक्षर थोडं तिरकं आलंय.

'सध्या कुठूनही चालावे. वाट नंतर करू.'