बिनझेंड्याचा माणूस

दूर उत्तरेकडच्या थंडर बे शहरात हिवाळ्यातली दुपार नावालाच असते; जेवण उरकतं न उरकतं तोच दिवे लावायची वेळ होते. आयला लेहतोने दिवा लावला आणि स्वतः काढलेला नवा नकाशा तिच्या सहकाऱ्यापुढे, क्लेटनपुढे सरकवला. ऑनलाइन युद्धाच्या खेळातला तो नकाशा होता. फोनच्या टीचभर पडद्यावरही जंगल कुठलं, दलदल कुठली, किल्ला कुठला, हे खेळणाऱ्याला एका नजरेत कळायला हवं. क्लेटनला लाल-हिरव्यातला फरक कळत नसे, म्हणून प्रत्येक नकाशा आधी त्याच्या डोळ्यांखालून जाई. त्याला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं.

"तळं छान उठलंय," तो म्हणाला. "पण जंगलापाशी हा कोण उभा? कुठल्या बाजूचा ते सांगणारा झेंडा याला द्यायला विसरलीस वाटतं."

आयलाने तिथे कुणालाच काढलं नव्हतं. उगाच डोकं खाऊ नकोस म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं आणि रंग बदलून नकाशा पुन्हा दाखवला. क्लेटनने पडदा जवळ ओढला.

"आता तळ्याच्या बर्फावर आलाय... घराकडे निघालाय."

आयला त्याच्या खांद्यावरून वाकली. नमुना हवा म्हणून तिने वडिलांच्या गावचंच तळं काढलं होतं, आणि काठावरचं ते एकमेव घर त्यांचंच होतं. आई गेल्यापासून म्हातारा तिथे एकटा राहत होता. तिने पडद्यावरचे सगळे रंग काढून टाकले. करड्या बर्फावर तो आता तिलाही दिसला. पाठमोरा, मान खाली घातलेला. ती फार घाबरली. घाईघाईने तिने ते घरच पुसून टाकलं.

"थांबला," क्लेटन हळूच म्हणाला. "इकडेतिकडे बघतोय... त्याला वाट सापडत नाहीये."

आयलाचा जीव भांड्यात पडला. तरी तिने वडिलांना फोन लावला आणि दाराला कडी घालायला सांगितलं. आज कुणालाही आत घेऊ नका, म्हणाली.

"अगं, अशा थंडीत असं म्हणतात का?" वडील म्हणाले. "एक माणूस कधीचा तळ्यावर भटकतोय बिचारा. समोर घर असून त्याला दिसेना... म्हणून आत्ताच मी बाहेरचा मोठा दिवा लावला."

क्लेटनने पडद्यावर बोट ठेवलं. पुसलेल्या घराच्या जागी, त्या करड्या बर्फात, एक पिवळा ठिपका पेटला होता. कुणालाही, कुठूनही, एका नजरेत दिसावा असा.