सरावाची विद्यार्थिनी

समंत्रकांची बैठक दर गुरुवारी दुपारी पडद्यावर भरे. मुक्त विद्यापीठाचे समंत्रक म्हणजे घरी राहून शिकणाऱ्यांना फोनवरून शिकवणारे शिक्षक. या बैठकीला बाहेरचा व्याख्याता नसे. समंत्रकच समंत्रकांना शिकवत. सूत्रे दर वेळी वेगळ्याकडे जात आणि त्या दिवशी काय शिकायचे ते सूत्रधारच ठरवी. एक प्रथा मात्र पक्की होती. आरंभी कोणीतरी आपला फसलेला तास सांगायचा आणि तो पूर्ण होईपर्यंत कोणी सल्ला द्यायचा नाही.

या वर्षीपासून फसलेला तास सांगावा लागत नव्हता. तो सगळ्यांसमोर फसवून दाखवता येत होता. विद्यापीठाने ‘सराव-विद्यार्थी’ आणले होते. खऱ्या विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांवरून यंत्राने घडवलेले हे आवाज शंका विचारत, गोंधळत, कधी रुसतही. बैठक संपली की त्यांना शिकवलेले सगळे पुसले जाई. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा त्याच जागी अडायला तयार असत.

त्यांतली मीरा सर्वांची लाडकी होती. संभाव्यतेच्या धड्यात तिचे अडणे ठरलेले होते.

खामगावच्या मंदाकिनी तायडे त्या दिवशी या गटात नव्याने आल्या. सूत्रे ब्रह्मपुरीच्या खोब्रागडे सरांकडे होती.

“या ताई. मीराला पटवलंत की तुम्ही आमच्यात. आम्ही सगळे तिच्यापुढे नापास झालोय.”

“सर तर फेरपरीक्षेतही,” शेख मॅडम म्हणाल्या. सगळे हसले.

मीराचा आवाज आला. “मॅडम, माह्यासारखे दहापैकी आठ जन शिक्षन सोडतात म्हनता. मंग मी सोडीनच, असं कसं म्हनता येते?”

तायडे उत्तर देऊ लागल्या, तोच मीरा म्हणाली, “थांबा जरा.” मग नुसती शांतता.

“तो बिघाड आहे,” खोब्रागडे म्हणाले. “मधेच अशी अडकते. दुरुस्तीसाठी कळवलंय.”

तायडेंच्या चेहऱ्यावरचे हसू गेले होते. त्यांनी हळूच विचारले, “पट्टा उतरवला का?”

“हो मॅडम, उतरवला. सांगा आता.”



“हा बिघाड नाही,” तायडे म्हणाल्या. “ही वच्छला इंगळे आहे. गावात पिठाची चक्की चालवते. माझा फोन आला की आधी चक्कीचा पट्टा उतरवायची, म्हणजे ऐकू यावं. पहिलं सत्र मी शिकवलंय तिला. दुसऱ्या सत्रात मला सांगण्यात आलं, बाईंनीच समंत्रक नको म्हटलं. देशकर साहेब, आहात ना?”

विद्यापीठाचे समन्वयक देशकर कोपऱ्यातल्या चौकटीत निरीक्षक म्हणून बसत. ते म्हणाले, “प्रवेश घेताना संमती असते, मॅडम. नाव बदललंय, गाव काढलंय. ओळख राहत नाही.”

“मी ओळखलं ना! ती नको म्हणाली होती का?”

देशकरांनी समोर काहीतरी उघडून पाहिले. “तसं नोंदलेलं नाही. विद्यार्थी टिकण्याची शक्यता यंत्र काढतं. त्यांची फार कमी आली. अशांचे तास टिकणाऱ्यांकडे वळवतो. समंत्रक थोडे आहेत, तुम्ही जाणता.”

“थोडे?” शेख मॅडमचा आवाज चढला. “वर्षभर आम्ही सगळे दर गुरुवारी इथे कुणाला शिकवत होतो?”

“तो सराव होता.”

“म्हणजे जी शिकायला बसली होती तिला एक माणूस नाही,” खोब्रागडे म्हणाले, “आणि जिला शिकवलेलं तुम्ही संध्याकाळी पुसता तिच्यासाठी आम्ही रांगेत! आणि तिची शंका काय, तर दहापैकी आठ सोडतात म्हणून मी सोडीनच कशावरून. लाज वाटत नाही, साहेब? तिनं हे तुम्हालाच विचारायला हवं होतं.”

“सर, भाषा सांभाळा.”

“भाषा सांभाळतो. सूत्रंही मीच सांभाळतो. आज काय शिकायचं ते मी ठरवणार, नियम तुमचाच आहे. तिला फोन लावा. या बैठकीत जोडा.”

“गळालेल्या विद्यार्थ्यांशी संपर्क...”

“लावा,” तायडे म्हणाल्या. “नाहीतर उद्यापासून आमच्यातलं कुणीच फोन उचलणार नाही. मग काढा आमची टिकण्याची शक्यता.”

एकेका चौकटीतून होकार आला. देशकरांनी नंबर लावला.

पलीकडे चक्कीची घरघर होती. “कोन?”

“वच्छलाताई, मी तायडे मॅडम.”

“थांबा जरा.” घरघर मंदावत थांबली. “बोला.”

“आपली संभाव्यता राहिली होती. शिकायची का?”

वच्छला म्हणाली, “पुस्तकं माळ्यावर टाकली म्या. इतके फोन लावले मॅडम. दर खेपेस एक बाई म्हने, तुमच्यासाठी समंत्रक उपलब्ध नाही. आज कसे काय उपलब्ध झाले तुमी?”

तायडेंना शब्द सापडेना. मीरा बंद करायची राहिली होती. समोरचा माणूस गप्प झाला की तिने बोलायचे, असे तिला घडवताना ठरलेले होते. ती बोलली.

“मॅडम, समजलं नाही मले. पुन्हा सांगता का?”

फोनवरून वच्छलाने विचारले,

“हे कोन हाये, मॅडम? माह्या आवाजात कोन शिकून राह्यलं?”