थांबवून ठेवलेले निरोप

"बरणी बाद. पेशींत ठिपके आहेत. नियमाप्रमाणे भट्टीत टाकते," ठकी म्हणाली आणि तिने आपला धातूचा हात पुढे केला.

यामिनी पटकन आडवी आली. ठकी म्हणजे आजोबांच्या प्रयोगशाळेतली यंत्रमानव. कामाला वाघ, पण दयामाया शून्य. त्या बरणीत जळगावच्या एका जुन्या केळीची शेवटची रोपं होती, आणि ती यामिनीनं वाढवली होती. दुपारी शीतयंत्र बंद पडलं नि खोली तापली, तिथेच घात झाला.

"आजोबा, मेली का हो ती?"

आजोबांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "छे! शहाणी आहेत ती. पेशीतल्या जनुकांवरून निरोप निघतात, तेच आरएनए. त्या निरोपांप्रमाणे प्रथिनं बनतात. आता सांग, उन्हानं जीव नकोसा झाला की तू काय करतेस?"

"अभ्यास बंद! नुसती पाणी पीत पडते."

"पेशीही तेच करते. काही प्रथिनं आरएनएला बिलगतात (म्हणून ती आरएनए-बंधक). पानं वाढवायचे निरोप ती गोळा करून अडवतात. हे ठिपके म्हणजे तेच गठ्ठे, ताणकणिका (ताण आला की जमणारे कण). उष्णतेपासून वाचवणाऱ्या प्रथिनांचे निरोप तेवढे पुढे जातात."

"म्हणजे निरोप फाडलेले नाहीत, नुसते थांबवलेत!"

"हो. पण ताण फार लांबला, तर गठ्ठे सुटायचे नाहीत. मग मात्र खेळ खलास."

यामिनीनं बरणी उचलली आणि तडक गार कपाटात ठेवली.

"नियमात थांबणं नाही," ठकी म्हणाली.

"मग तुझा नियम अर्धवट आहे!"

संध्याकाळी तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन रोपं काळवंडली ती काळवंडलीच. तिला रडू आलं. बाकीच्यांतले ठिपके मात्र विरले होते. निरोप सुटले होते, काम पुन्हा सुरू झालं होतं. ती आनंदानं आजोबांच्या गळ्यातच पडली.

"कुठला निरोप अडवायचा, कुठला सोडायचा, हे प्रथिनं कसं ठरवतात ते अजून पुरतं उमगलेलं नाही," आजोबा म्हणाले. "ते कळलं, की तापल्या रानातही केळी तग धरतील."

"नियमात काय लिहू?" ठकीनं विचारलं.

"ठिपके दिसले, तर आधी गारवा द्यायचा. फेकायचं नाही," यामिनी म्हणाली.

ठकीनं ते नोंदवलं. मग एरवी संथ चालणारी ती यंत्रमानव चक्क धावत सुटली. फेकायला काढलेल्या आणखी चार बरण्या कोपऱ्यात होत्या.