तुपाचं अस्तर

श्रीरंगमामाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, आणि गाडी म्हणत होती की मामा गाडी चालवायला अगदी ठीक आहे. आता या दोघांत खोटं कोण बोलत होतं?

स्वरदा पाठीला बॅग लावून अंगणात उभी होती आणि तिचं डोकं फिरायची वेळ आली होती. संध्याकाळच्या भरतीला मालवणहून मुलांची संशोधन-नौका सुटणार होती. अंधारात चमकणारे समुद्री जीव त्या नौकेवरून जवळून पाहायला मिळणार होते. कोल्हापुरातून निवड झाली होती फक्त तिची. एसटी सकाळीच गेली होती. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांना गाडी चालवायची बंदी. तशी घरची गाडी आपली आपण चालायची, पण घाटात धुकं असलं की चालवायला माणूसच हवा असा नियम होता. करूळच्या घाटात आज दाट धुकं होतं. म्हणजे उरला मामा.

आणि मामाचं लग्न तोंडावर आलेलं. घरोघरी केळवणं चालली होती. आज दुपारी मावशीकडे एक केळवण आणि तिथून उठून मित्रांच्या शेतावर दुसरं. मित्रांच्या केळवणात काय असतं ते सांगायला नको.

"मामा, मला सोडायचंय हे माहीत असून तू प्यायलास?"

"अगं, थोडीशीच गं. सगळी पोरं मागंच लागली. आणि मी काय खुळा आहे का? आधी मावशीकडं पुरणपोळ्या हाणल्या, वर वाटीभर तूप. पोटाला तुपाचं अस्तर लावलं की चढत नाही. कॉलेजपासूनचा उपाय आहे आमचा!"

असं म्हणून मामाने गाडीच्या फुंकनळीत जोरात फुंकर मारली. हिरवा दिवा लागला. "चालकाच्या रक्तातलं मद्यार्क मर्यादेच्या आत आहे," गाडी गोड आवाजात म्हणाली. (मद्यार्क म्हणजे दारूतला नशा आणणारा द्रव.)

"बघितलंस? चल, बस."

खरं सांगायचं तर स्वरदाने एक पाय गाडीत टाकलाही होता. नौका डोळ्यांसमोर दिसत होती. पण तेवढ्यात तिचं लक्ष मामाकडे गेलं. मघाशी आला तेव्हा तो नीट बोलत होता. आता मात्र तो हातातलाच फोन खिशात शोधत होता. पिणं तर केव्हाच संपलं होतं, मग चढतेय कशी?

"आजोबा!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्यांचं मांजर कुंपणावरून पळालं.

आजोबा म्हणजे डॉक्टर दिगंबर शिरोळे. त्यांनी मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत पोटोबा नावाचा यंत्रमानव तयार केला होता. पोटोबाचं पोट काचेचं होतं, म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरून दिसायचं. कपाळावर एक दिवा होता. रक्तात जेवढं मद्यार्क, तेवढा तो लाल व्हायचा. आणि तासांचं काम पोटोबा मिनिटांत करून दाखवायचा. फक्त त्याचा स्वभाव फार चिडका होता.

मामाला आता चढतेय कशी ते दाखवायला आजोबा स्वरदाला त्या खोलीत घेऊन गेले. त्यांनी कोकमाचं सरबत आणलं तसा पोटोबा वैतागलाच. "परत मीच का? काल मिसळ ओतलीत माझ्यात. नळ्या अजून झणझणतायत."

"गप बस आणि आ कर," आजोबा म्हणाले. "स्वरदा, हे सरबत म्हणजे दारू समज. पोट रिकामं आहे. बघ."

सरबत काचेच्या जठरात (आपण ज्याला पोट म्हणतो त्या पिशवीत) पडलं, तळाची झडप उघडली आणि सगळं भसाभसा लहान आतड्यात (पुढच्या लांबलचक गुंडाळलेल्या नळीत) उतरलं. कपाळावरचा दिवा झरझर लाल झाला.

"पोळी पचवावी लागते, मद्यार्काला पचायची गरजच नसते," आजोबा म्हणाले. "ते तसंच भिंतीतून रक्तात शिरतं. याला म्हणतात शोषण. जठरातून शोषलं जातं थोडंच. लहान आतड्यातून मात्र पटापट, कारण त्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, म्हणून भिंतीला जागाच जागा. तेव्हा सगळी गंमत आहे ती त्या झडपेत."

मग त्यांनी पोटोबा धुऊन काढला आणि त्याला आधी तुपात भिजवलेली पुरणपोळी दिली, वर तेवढंच सरबत. पोटोबा पुटपुटला, पण गिळलं त्याने. या वेळी झडप जवळजवळ मिटलेलीच राहिली. मधूनमधून एखादा लाल थेंब खाली उतरे.

"तूप पचायला वेळखाऊ. ते आतड्यात पोचलं की आतडं झडपेला निरोप धाडतं, जरा दमानं सोड."

"मग मामाचं बरोबरच आहे की! तूप अडवतं."

"आता कशी बोललीस!" दारात उभा असलेला मामा खूश झाला.

"अडवतं, पण अस्तर बिस्तर काही लागत नाही," आजोबा चिडून म्हणाले. "ते फक्त दाराशी रांग लावतं. रांगेतली माणसं घरी जातात का रे श्रीरंग? ती रांगेतच असतात!"

स्वरदा दिव्याकडे टक लावून बघत होती. मघासारखा भडक नव्हता तो, पण हळूहळू लाल होत चालला होता. खाली जठरात बरंचसं सरबत अजून तसंच होतं. आणि एकदम तिच्या लक्षात आलं.

"आजोबा, रक्त फुप्फुसातून जाताना मद्यार्क श्वासात उतरतं. गाडी श्वास मोजते. म्हणजे गाडीला कळलं ते रक्तात पोचलेलं. मामाच्या पोटात रांगेत उभं आहे, ते तिला कळलंच नाही!"

गाडी खोटं बोलत नव्हती. मामाही नव्हता. पण दोघांचं खरं आत्तापुरतं होतं.

"मग काळी कॉफी द्या," मामा म्हणाला. "लिंबू पिळून देता का? डोक्यावर गार पाणी घेतो!"

"कॉफीने झोप उडेल, दारू नाही उडायची. ती मोडीत काढतं यकृत (बरगड्यांच्या खालचा आपला मोठा अवयव), आणि ते आपल्याच चालीनं चालतं. लिंबू पिळा नाहीतर आंघोळ घाला, त्याला घाई होत नाही. ते काम वेळच करते."

"मग आत्ता दिवा हिरवा आहे तोवरच निघू या की!"

हे ऐकून स्वरदाचा संताप इतका वाढला की तिला रडूच आलं. तिने बॅग काढून जमिनीवर आपटली. "मी नाही येणार! मला नौका हवीय, किती हवीय तुला माहीत आहे. पण तुझ्या गाडीत मी घाट उतरणार नाही!"

 बऱ्याच वेळाने, आजोबांनी सांगितलं म्हणून, मामाने पुन्हा फुंकनळीत फुंकर मारली.

लाल दिवा लागला.

"आत्ता आपण कुठे असतो?" मामाने हळूच विचारलं.

"ऐन घाटात," मागोमाग अंगणात आलेला पोटोबा म्हणाला. कधी गप्प बसावं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

मामा पायरीवर बसला. "चुकलं गं माझं," म्हणाला. तिकडे मालवणला नौका सुटली. स्वरदाने त्या दिवशी मामाला माफ केलं नाही, आणि का करावं?

पण डोक्यातून ती गोष्ट जाईना. गाडीने आकडा किती आहे एवढंच का बघावं? तो वर चाललाय की खाली, हे का बघू नये? तिने आणि आजोबांनी मिळून गाडीला नवीन शहाणपण शिकवलं. मद्यार्काचा जरासा जरी अंश सापडला तरी गाडी आता आधी एक प्रश्न विचारते आणि काही वेळाने पुन्हा फुंकायला लावते. आकडा चढता दिसला की ती जागची हलत नाही. गल्लीतल्या बाकी गाड्यांनाही हे शिकवायचं, असं दोघांचं ठरलंय.

हिवाळ्यात दुसरी नौका सुटायची होती. त्या दिवशी मामाने खोकल्याचं औषध घेतलं होतं, त्यात थेंबभर मद्यार्क निघालं. फुंकर मारताच गाडीने अगदी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "जेवलात का?"

"जेवलोय बाई, दहीभात," मामा म्हणाला.

"मग थोडं थांबा. पुन्हा फुंकायचं आहे."

मामा वैतागून मागे वळला. "तूच शिकवलंस ना हिला हे?"

स्वरदाने पट्टा लावला आणि आरामात टेकून बसली. "थांब की मामा. नौका संध्याकाळची आहे, मला अजिबात घाई नाही."