एक चहा घेऊन या

सकाळी नऊ वाजता साहेबांचा फोन आला.

“ताई, काल एका लाँड्रीत आपल्या कंपनीच्या धुलाई-ड्रमच्या वाफेनं माणूस भाजलाय. म्हणतो, पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच केलं. आपल्या पुस्तिकेत कुणीतरी विनोद करून ठेवलाय! संध्याकाळी पाचपर्यंत नाव हवंय मला. आजच नारळ देतो त्याला.”

मागोमाग साहेबांची चिठ्ठी आली: ‘असा प्रकार पुन्हा परत घडू नये.’ ताईंनी हिरव्या पेनानं ‘परत’ खोडला आणि चिठ्ठी तशीच साहेबांकडे धाडली. वीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासून त्यांचा हात असा वळला होता, की दुखवट्याच्या पत्रातही त्यांना आधी जादाचा शब्द दिसे.

पान एकोणीस. ‘लाल दिवा विझला की एक चहा घेऊन या. मगच झाकण उघडा.’

ओळ गमत्याची, यात शंका नव्हती. पुस्तिका लिहिणारा हा पोरगा स्क्रूचं वर्णनही हसवून करायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव गमत्या पडलं होतं. घरी सहा महिन्यांची मुलगी, नोकरी जेमतेम तीन वर्षांची.

त्या आधी इस्पितळात गेल्या. लाँड्रीतल्या कामगाराचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होता.

“दिवा विझला होता?”

“विझला होता, बाई.”

“मग काय केलंत?”

“चहा घेतला.”

“खरंच घेतलात?”

“म्हणजे काय! लिहिलंय ना तसं. दोन वर्षं घेतोय, कधी काही झालं नाही.”

“चहा कुठे मिळतो?”

“आधी पटांगणापलीकडे कॅन्टीनला जायचो. कालच चहाचं मशीन आलं, ड्रमपासून चार पावलांवर. बटण दाबलं की कप भरतो.”

ताई लाँड्रीत गेल्या. घड्याळ लावून बटण दाबलं, उभ्याउभ्या कप संपवला. जीभ पोळली. दोन मिनिटंही झाली नव्हती. मग त्या कॅन्टीनपर्यंत चालत जाऊन, चहा घेऊन परत आल्या. बारा मिनिटं.

इंजिनियरचा तक्ता त्यांच्या पर्समध्येच होता. दिवा विझल्यावर आतला दाब उतरायला दहा मिनिटं लागतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

दुपारी त्यांनी गमत्याला समोर बसवलं.

“दहा मिनिटं हा आकडा पुस्तिकेत का नाही?”

“नसेल लिहिला मी.”

“नसेल? तुला तक्ता मिळाला होता?”

“मिळाला होता.”

“वाचला होतास?”

“हो.”

“मग?”

“ताई, माझं नाव द्या आणि संपवा ना एकदाचं.”

एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप लागत नसे, तो आज स्वतःहून दोष घेत होता. ताई उठल्या. जुने मसुदे ठेवायच्या कपाटातून दोन वर्षांपूर्वीची फाईल काढली, पान एकोणीस उघडलं आणि तिथेच स्टुलावर बसल्या. मग तो कागद काढून घेतला.

पाच वाजता साहेबांच्या खोलीत त्या उभ्या राहिल्या. गमत्या दाराशी होता.

“विनोद यानं केला,” ताई म्हणाल्या. “पण यानं मुळात असं लिहिलं होतं: ‘लाल दिवा विझल्यावर दहा मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात एक चहा घेऊन या. मगच झाकण उघडा.’ विनोद आकड्याच्या शेजारी बसला होता. कुणीतरी आकड्याला उठवलं आणि विनोदाला त्याच्या खुर्चीत बसवलं. दोन वर्षं कॅन्टीन लांब होतं, म्हणून निभावलं. चहाचं मशीन ड्रमशेजारी आलं आणि हात भाजला.”

“कुणी उठवलं?”

“दहा मिनिटं आणि एक चहा, एकच गोष्ट दोनदा कशाला, असं जिला वाटलं तिनं.”

त्यांनी मसुदा टेबलावर ठेवला. दहा मिनिटांवरून हिरवी रेघ गेली होती.

साहेबांनी कागद पाहिला. मग सकाळची आपली चिठ्ठी आठवून ताईंकडे पाहिलं.

“रिपोर्टात माझं नाव लिहिलंय,” ताई म्हणाल्या. “नारळ मला द्या.”

बाहेर आल्यावर त्यांनी गमत्याचा दंड धरला. “तुला माहीत होतं?”

“होतं.”

“घरात एवढंसं लेकरू, आणि गप्प बसलास?”

“ती ओळ वाचून तुम्ही हसला होतात, ताई. तीन वर्षांत तेवढ्या एकदाच. म्हणाला होतात, एवढं ठेव, बाकीचं नको.” तो ओशाळला. “मी फार खूश झालो होतो. आकडा गेला ते दिसलं, पण बोललो नाही. म्हणजे चूक माझीही आहेच ना?”

ताईंना स्वतःचीच लाज इतकी वाटत होती, की दुसऱ्याला द्यायला काही उरलं नव्हतं.

भेटीची वेळ संपायच्या आत त्या इस्पितळात पोचल्या. कामगाराची बायको त्याला चमच्यानं भरवत होती. ताईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. आकडा लिहिलेला होता, तो मी खोडला, म्हणून सांगितलं. तो ओरडेल, अशी त्यांची तयारी होती.

त्यानं बायकोचा हात हलकेच बाजूला केला.

“दहा मिनिटं?” त्यानं विचारलं. “एवढंच होतं? थांबलो असतो हो मी.”