हात सांभाळणारं यंत्र

कुंदाच्या मेंदूतली गाठ सापडली तो बुधवार होता. डॉक्टरांनी विचारलं, "वर्षभरात उजवा हात कमजोर झाल्याचं जाणवलं नाही?"

"कसं जाणवणार?" कुंदा म्हणाली. "मागच्या रविवारीच स्पर्धा जिंकले मी."

पाच आठवड्यांत ती गेली. वर्षभर आधी कळलं असतं तर गाठ काढता आली असती, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर तिचा नवरा विलास ठवकर नागपूरच्या आपल्या प्रयोगशाळेत परतला. तिथे तो गतिमंच बनवत असे. गतिमंच म्हणजे बटणांऐवजी हाताच्या हालचालीवर चालणारं खेळयंत्र. आधी मुरलेले खेळाडू त्याला हसत. कुंदा सगळ्यांत जास्त. "अहो, हे पोरांच्या वाढदिवसाला ठेवा. मी तलवार फिरवते आणि तुमचं यंत्र जांभई देतं." तिचं समाधान व्हावं म्हणून विलासने त्यात 'हेतुपूर्ती' बसवली. मग मुरलेले खेळाडूही आले.

त्याने सहकारी रजनी भोयरला कुंदाची नोंद उघडायला सांगितली.

"सर, तक्रार असेल तरच नोंद उघडायची, असा आपला नियम आहे."

"तिची एकही तक्रार नव्हती. म्हणूनच उघडा."

मनगटाचा पट्टा स्नायूंतले विद्युतसंकेत वाचतो. वार कुठे करायचा आहे ते यंत्राला हात पोहोचण्याआधीच कळतं. हात कमी पडला तर उरलेली हालचाल यंत्रच पडद्यावर पूर्ण करतं. कोणत्या वारात यंत्राचा वाटा किती, हे नोंदीत लिहिलेलं असतं.

"सुरुवातीला शंभरात चार," रजनी वाचू लागली. "मग नऊ. एकवीस. शेवटच्या स्पर्धेत अठ्ठ्याहत्तर." तिने आकडा पुन्हा तपासला. "सर, मॅडमचा हात जेमतेम हलत होता."

दिवाळीत कुंदाच्या हातून चहाचा कप सुटला होता. चार दिवसांनी वरणाचं पातेलं. दोन्ही वेळा तिने पट्टा बांधला, एक डाव खेळली आणि जिंकली. "बघा, हात शाबूत आहे. तुमचं पातेलंच निसरडं." विलासही हसला होता.

"यंत्राचा वाटा असा आणखी किती जणांच्या खेळात चढतोय?" त्याने विचारलं.

रजनीने चार लाख नोंदी चाळल्या. "अकरा."

"नावं?"

"खेळातलीच. वाघनख्या, झणझणीत, शेंडेफळ. खरं नाव, फोन, पत्ता काही ठेवायचं नाही, ही खेळाडूंचीच अट होती ना."

विलासने अकराही जणांच्या पडद्यावर निरोप पाठवला: तुमचा हात डॉक्टरांना दाखवा. अकराही जणांनी खात्री करायला एकेक डाव खेळला आणि जिंकला. झणझणीतचं उत्तर आलं, "आधी मला हरवून दाखवा, मग जातो डॉक्टरकडे."

"त्यांची हेतुपूर्ती बंद करा," विलास म्हणाला. "हरले की पटेल."

"आणि नाही पटलं तर?"

"पडद्यावर हात उठलेला दिसणारच नाही त्यांना. कसं नाही पटणार?"

रजनीने बंद केली. सगळे हरले. सकाळपर्यंत निरोप आले. "हात माझा ठणठणीत आहे, तुमचं यंत्र तपासा." "हरवायला यंत्र बिघडवता, वर डॉक्टर सुचवता?" वाघनख्याने लिहिलं, "शेवटी खेळणंच निघालं हे. खऱ्या खेळाडूने बटणंच धरावीत."

शुक्रवारपर्यंत अकराही जणांनी गतिमंचावरची खाती बंद केली. आता त्यांना निरोप पाठवायची सोय राहिली नाही.

"बटणं दाबताना तरी कळेल ना सर, हात चालत नाही ते?" रजनीने विचारलं.

"बटणाला एक अंगठा पुरतो," विलास म्हणाला. "कमजोरी अंगठ्यापर्यंत यायला वेळ लागतो. कुंदाचा शेवटपर्यंत चालत होता."

त्याने वर्तमानपत्रांना लिहिलं, खेळाडूंच्या मंडळांना लिहिलं. यंत्र खपत नाही म्हणून ही नवी जाहिरात, असं लोक म्हणाले.

अकरापैकी एकाचंही खरं नाव अजून सापडलेलं नाही.