कोरी पुडी

चुर्र!

तावितोने पुडी उघडली, आणि तेवढासा आवाजसुद्धा घरभर झाला. तळमजल्यावरचं छपाईयंत्र तीन आठवडे बंद होतं. त्याची धडधड नसली की घर आजारी असल्यासारखं वाटायचं.

"छे! आज वाचायला काहीच नाही!" केळ्याचे तळलेले काप तोंडात कोंबत आठ वर्षांचा तावितो कुरकुरला.

"बघू!" यामिलेतताईने पुडी हिसकावली. बाजारातली मिर्ता मावशी काप नेहमी जुन्या वर्तमानपत्रात बांधायची. हा कागद मात्र पांढराफटक! एक अक्षर नाही! तिने तो बोटांनी चोळला. "विल्मेर, हा आईचा कागद आहे!"

"तू काय कागदांची डॉक्टरीण?" शेजारचा विल्मेर हसला.

"लहानपणी छापखान्यातल्या कागदाच्या रिळांवरच झोपायचे मी. वासानेसुद्धा ओळखीन!"

आई 'खेकडा' नावाचं साप्ताहिक चालवायची. नव्या पुलाला पहिल्याच पुरात तडे गेले, तेव्हा मंत्र्याच्या मेहुण्याने त्यात सिमेंट किती कमी घातलं, ते तिने छापलं. त्यानंतर बंदराच्या कचेरीत दर सोमवारी एकच उत्तर: "बाई, तुमची नऊ रिळं बोटीतून उतरलीच नाहीत."

तिघं पळतच बाजारात गेली.

"कागद होय? फेर्मिन भावोजी देतात," कढईवरून मान वर न करता मिर्ता मावशी म्हणाली. "चार नंबरच्या गोदामावर पहाऱ्याला आहेत ना! म्हणाले, घे, नाहीतरी भिजून वायाच जाणार."

"भिजून?" तिघं एकदम ओरडली.

ईस्टरची सुट्टी, त्यामुळे बंदरावर शुकशुकाट होता. विल्मेरने नेम धरून चेंडू गोदामाच्या भिंतीपलीकडे मारला. तावितोने भोकाड पसरलं.

"काका, माझा चेंडू!"

"अरे गप! कान फुटतील माझे!" फेर्मिन काका दार उघडून बाहेर आले. "कुठे पडला?"

"तिकडे! नाही, नाही, त्या पिंपांमागे!"

"नक्की कुठे ते सांग की रे, रडूबाई!"

काका पिंपं हलवत बसले. यामिलेत घरून आणलेला आईचा कॅमेरा घेऊन आत सटकली.

आठ रिळं! प्रत्येकावर आईचं नाव! आणि वर टांगलेल्या रबरी नळीतून त्यांच्यावर संथपणे पाणी पडत होतं. तिने एका रिळाला हात लावला. घट्ट पेजेसारखा लगदा मुठीत आला. नववं रीळ कोपऱ्यात कोरडं होतं, पण त्याचा नुसता पुठ्ठ्याचा गाभा उरला होता. बाकी सगळं तळणीच्या पुड्यांत गेलेलं.

तिने आधी नळ बंद केला. मग फोटो काढले. मग तिला रडू आलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळे जमले. "शाब्बास, पोरांनो! पोलिसांनाही जमलं नसतं," छापखान्यातले अन्सेल्मो आजोबा म्हणाले. आईने तिघांना जवळ घेतलं, यामिलेतच्या केसांत चिकटलेला लगदा हळूच काढला. "माझी शूर लेकरं," ती म्हणाली.

"कचेरीतल्या साहेबांना घरी फोन केला ना? काय म्हणाले?" विल्मेरने विचारलं.

"नळ गळत असेल म्हणाले. लेखी अर्ज द्या," आई म्हणाली.

"मग आपण रेडिओला सांगू!"

"रेडिओवर सकाळपासून त्याच पुलाचं कौतुक चाललंय, बाळा," आजोबा म्हणाले. "नवा कागद मागवायचा तर परवाना हवा. परवाना पुन्हा तीच कचेरी देणार."

त्यांनी शाईने माखलेला एप्रन घडी करून टेबलावर ठेवला. त्यावर छापखान्याची किल्ली ठेवली. आईने किल्ली उचलली नाही.

तावितोने पुडीचा चुरगळलेला तुकडा खिशातून काढला, तळहाताने सपाट केला. तेल पसरून त्यातून आरपार दिसत होतं.

"आई, मग ही बातमी कशावर छापायची?"